पाण्यातली मेंढरं

संपादकांनी कामाचा अनुभव लिहून मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. दिवाळी अंकात असे लेख ज्यांचे येतात त्यांचं अर्धं आयुष्य त्या कामात गेलेलं असतं. कुणी पोस्टमन असतात, कुणी कंपाउंडर, कुणी एसटीचे कंडक्टर. त्यांच्याजवळ सांगायला गमती असतात आणि शेवटी सत्काराचा नारळ असतो. माझं काम कॉलेज करता करता केलेलं. त्यातून काही उभं राहिलं असं दाखवायला माझ्याकडे काही नाही. ते म्हणाले, जे आहे तेच लिहा. म्हणून लिहिते आहे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं आधी कुणाला दाखवून घेता आलेलं नाही. चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

माझं काम झिंगे सांभाळण्याचं होतं.

झिंगे म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी. कोळंबी हा शब्द मी पुस्तकात वाचला. आमच्या राजूर-भोकरदनच्या पट्ट्यात झिंगेच म्हणतात. नदीतला झिंगा बोटाएवढाही नसतो. पाण्यात असताना तो काचेसारखा असतो, त्याच्या अंगातून खालचा गाळ दिसतो. दोन काळे डोळे तेवढे ओळखू येतात. लहानपणी मी ते नदीत पाहिले होते, पण त्यांच्यावर कुणाचं पोट किंवा शिक्षण चालेल असं कधी वाटलं नव्हतं.

आमच्या गावात साहेबराव काकांची मोसंबीची बाग आहे आणि बागेच्या खालच्या अंगाला त्यांचं तळं आहे. हल्ली सगळ्यांची शेततळी प्लास्टिकच्या कापडाची असतात. हे तळं जुनं, बिनकापडाचं, काळ्या चिकण मातीचं. एका बाजूला उतार आहे, तिथून पूर्वी गुरं पाणी प्यायची. काकांनी त्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडले होते. प्राणिशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की माशांबरोबर आपल्याच नदीतले झिंगे वाढवता येतात. मी ते काकांना घाबरत घाबरत सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "बघ करून. जागा माझी, मेहनत तुझी."

बाहेरच्या वाचकांसाठी हे काम थोडक्यात सांगते. कटला वरचं खातो, रोहू मधल्या पाण्यातलं आणि मृगळ खालचं. तरी तळाशी पुष्कळ उरतं. पेंडीचा चुरा, कुजका पाला, मेलेले किडे. ते साचलं की पाणी बिघडतं. झिंगे ते खातात. त्यांना वेगळं खाद्य फारसं लागत नाही, आणि ते माशांच्या वाट्याचंही ओढत नाहीत. समुद्राकडची मोठी जात असते, तिच्या पिल्लांना खारं पाणी लागतं, त्यामुळे दर वेळी बी बाहेरून आणावं लागतं. आमच्या नदीतल्या जातीचं तसं नाही. मादी पोटाखाली अंडी धरून फिरते आणि गोड्या पाण्यातच पिल्लं निघतात. एकदा ती तळ्यात रुळली की बी घरचंच.

अवघड गोष्ट एकच. झिंगा वाढताना कात टाकतो. कात टाकल्यावर थोडा वेळ त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, आणि तेवढ्यात बाकीचे झिंगे त्याला खातात. म्हणून त्यांना लपायला जागा द्यावी लागते. मी कुंभाराकडून तडकलेले माठ आणले, मोसंबीतल्या जुन्या ठिबकच्या नळ्यांची वेटोळी बांधून तळाशी सोडली. गावात त्यावरून बरेच दिवस करमणूक झाली. पारावर बसलेले मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "झिंग्याची मॅडम चालली. घरकुल वाटून राह्यली त्याहीला."

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आमचं घराणं मेंढपाळांचं. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरत. अण्णांनी गावात घर बांधलं, पण मेंढरं ठेवली आहेत. लोकांच्या शेतात मेंढरं बसवण्याचा आमचा जुना धंदा आहे. पीक निघालं की शेतकरी बोलावतो. त्याच्या रानात जाळीची वाघर लावून मेंढरं रात्रभर आत बसवायची. लेंडी आणि मूत त्या जमिनीत जातं, तिला खत मिळतं, आणि शेतकरी बदल्यात धान्य देतो. आमचं स्वतःचं रान नाही. म्हणजे अण्णांच्या मेंढरांचं खत आजपर्यंत दुसऱ्यांच्याच जमिनीत गेलं.

ते तळ्यावर संध्याकाळी यायचे, पाटी बघायला. पाण्यात झिंगे किती आहेत हे मोजता येत नाही. म्हणून बांबूच्या पाटीला जाळी लावून, तिच्यावर चिमूटभर पेंड ठेवून ती दोराने तळाशी सोडायची. थोड्या वेळाने वर ओढायची. पेंड संपलेली असली आणि पाटीत झिंगे टणाटण उड्या मारत असले की सगळं ठीक आहे. पेंड तशीच राहिली तर काहीतरी बिनसलं. आमच्या धंद्यातली तपासणी एवढीच.

अण्णा उकिडवे बसून पाटीत डोकावायचे. "आली का गं माय तुझी मेंढरं?" असं विचारायचे. अंडी घेतलेली मादी त्यांना पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांनी तिला तळहातावर घेतलं, नीट पाहिलं आणि म्हणाले, "गाभण हाय. सोड जल्दी." मेंढीला बोलतात त्याच आवाजात.

घरच्या मेंढरांच्या वाड्यातलं लेंडीखत मीच पाटीने नेऊन थोडं थोडं तळ्यात टाकत असे. त्याने पाण्यात हिरवं शेवाळ धरतं, ते माशांना आणि पिल्लांना चालतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

झिंग्यांचं बी लक्ष्मणमामांनी दिलेलं होतं. लक्ष्मणमामा भोई आहेत. पूर्णेत आमच्या गावाखाली एक डोह होता, तिथे त्यांच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकलं. पहिल्या वर्षी त्यांनी थोडे झिंगे दिले ते सहज, शेजारधर्म म्हणून. दुसऱ्या वर्षी परिस्थिती बदलली होती. डोहातली वाळू गेली. मग काठावर पाणी उपसायच्या मोटारी बसल्या. उन्हाळा लागायच्या आधीच डोहाचा नुसता खड्डा राहिला. तेव्हा एके दिवशी मामा ओल्या गोणपाटाने झाकलेलं पातेलं घेऊन तळ्यावर आले. चिखलातून वेचून आणलेले झिंगे होते.

"एवढेच राह्यले," ते म्हणाले. "वरच्या डोहात पाहिलं, खालच्या पाहिलं. कुठंच न्हाई. आता जे हाय ते तुझ्या तळ्यात."

मी म्हटलं, पाऊस झाला की तुम्हाला परत देईन, नदीत सोडू. त्यांनी पातेलं रिकामं करून धुवून नेलं.

त्याच सुमाराला काकांनीही मला बोलावून सांगितलं. मोसंबीला पाणी लागणार होतं. विहिरीतलं थोडं पाणी ते तळ्यासाठी राखत होते, पण किती दिवस राखायचं हा त्यांचाही प्रश्न होता. म्हणाले, "हा उन्हाळा तुझे झिंगे निघाले तर तळं तसंच ठेवतो. न्हाई निघाले तर मंग पंगस सोडतो. त्याला काहीबी खायला टाकलं तरी चालतं." पंगस हा बाहेरून आलेला मासा आहे. तो भराभर वाढतो आणि समोर येईल ते खातो. तो तळ्यात आला की झिंग्याचं एक पिल्लू राहणार नाही, हे मला आणि काकांनाही माहीत होतं. म्हणजे तो एक उन्हाळा काढायचा होता. तो निघाला असता तर पावसाळ्यात नदीत सोडायला पिल्लं असती.

गिऱ्हाइकांबद्दलही लिहायला सांगितलं आहे. ती थोडीच होती. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी असली की त्या दिवशी तिकडून कुणी फिरकत नसे. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटारसायकली येऊन थांबत. जालन्याहून एक गुरुजी आले होते. त्यांनी झिंगे पाहून विचारलं, "हे मोठे कधी होतील?" मी म्हटलं, हे मोठेच आहेत. ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले आणि रोहू घेऊन गेले.

आणखी एक जण परतूरकडच्या आष्टीहून आला. त्याच्या आईचे गुडघे दुखायचे आणि कुणीतरी खेकड्याचा रस्सा सांगितला होता. आम्ही खेकडे ठेवत नाही, ते बांधाला भोकं पाडतात आणि पाणी निघून जातं, असं मी सांगितलं. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तो झाडाखाली बसून राहिला. शेवटी झिंगेच मागितले, पण जिवंत. पाण्याचा कॅन सोबत होता. म्हणाला, थोडे आईला आणि थोडे आमच्या विहिरीत सोडतो, वाढतील. मला फार बरं वाटलं. मी त्याला दोन तडकलेले माठही दिले. ते मोटारसायकलला कसे बांधायचे यावरून त्याची आणि काकांची चांगलीच हुज्जत झाली.

होळीनंतर मेंढरं कातरतात. कातरायच्या आधी ती धुवावी लागतात, कारण मातीने भरलेल्या लोकरीवर कातर चालत नाही. आमच्याकडे मेंढरं धुणं हा घरचा सण असतो. सगळ्यात पुढच्या मेंढीला हळद-कुंकू लावून ती पाण्यात घालायची, मग बाकीची आपोआप मागे येतात. आमची मेंढरं दर वर्षी पूर्णेच्या त्या डोहात धुतली जायची. त्या वर्षी डोह नव्हता.

माझी परीक्षा चालू होती. मी भोकरदनला मैत्रिणीकडे राहिले होते. तळ्याला पेंड टाकायचं काम अण्णांनी आपणहून घेतलं होतं. फोन केला की विचारायचे, "पेपर बराबर गेला का?" आणि मग सांगायचे, "तुझी मेंढरं जेवली."

शेवटचा पेपर देऊन मी दुपारच्या बसने आले आणि पिशवी घेऊन तशीच तळ्याकडे गेले. लांबूनच उताराच्या बाजूला बगळे दिसले. एवढे बगळे मी तळ्यावर कधी पाहिले नव्हते. उतारावर चिखल झाला होता, त्यात खुरांचे ठसे होते. अण्णा बांधावर टॉवेल टाकून बसले होते. धोतर कमरेपर्यंत ओलं. बाजूला मेंढरं उन्हात वाळत उभी होती, पांढरी स्वच्छ. पुढच्या मेंढीच्या कपाळावर हळद तशीच होती.

अण्णा उभे राहिले. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले. साहेबरावांना विचारून घेतलं होतं, त्यांनी खुशाल धुवा म्हटलं, असं सांगितलं. मग म्हणाले, "सगळी उमर लोकांच्या रानात मेंढरं बसवली. म्हटलं, एकदा लेकीच्या तळ्यात बसवावी. तू पाटीनं नेत होतीस, मी सगळी मेंढरंच घातली. आता तुला सालभर खताची फिकीर न्हाई."

मी त्यांच्याकडे बघत होते, पण मला वास येत होता. ओल्या लोकरीचा वास मला जन्मापासून माहीत आहे. हा वेगळा होता. मी विचारलं, "अण्णा, मेंढरांना काही लावलं होतं का?"

"गोचडाचं औषध मारलं ना परवा. लई गोचिड्या झाल्त्या. काऊन?"

मी म्हटलं, "काही नाही."

बगळे उडाले तेव्हा काठावरचं दिसलं. झिंगे पाण्याबाहेर आले होते. पाणी सोसत नाही तेव्हा ते काठावर चढतात. काही आडवे पडून पाय झाडत होते. काही उडी मारायचे आणि परत तिथेच पडायचे. जिवंत झिंगा काचेसारखा असतो म्हणून मी वर लिहिलं आहे. मेला की तो पांढरा होतो. उताराची सगळी कड पांढरी झाली होती.

मासे मेले नाहीत. थोडे वर येऊन तोंड मारत होते, दुसऱ्या दिवशी तेही खाली गेले. गोचिडीचं औषध गोचिडीला मारतं, आणि गोचीड आणि झिंगा हे लांबचे भाऊबंद आहेत. दोघेही संधिपाद. माशाला जे थोडं बाधतं ते झिंग्याला पुरतं मारतं. त्याच आठवड्यातल्या पेपरात संधिपाद प्राण्यांवर प्रश्न होता आणि मी तो चांगला लिहिला होता.

अण्णांना वाटलं मी परीक्षेने थकले आहे. ते मेंढरं घेऊन घरी गेले.

त्यानंतर जे सुचलं ते सगळं केलं. काकांनी विहिरीची मोटार लावली. लाइट होती तोवर पाणी तळ्यात पडत राहिलं, मग लाइट गेली. काठावरचे जे हलत होते ते मी पिंपात ताज्या पाण्यात घेतले. त्यात अंडी घेतलेल्या माद्या होत्या. त्यांच्यासाठी वेगळी बादली केली. एका मादीने शेवटपर्यंत पोटाखालचे पाय हलवणं सोडलं नाही. अंड्यांना वारा मिळावा म्हणून त्या तसं करतात. मग तेही थांबलं. पिंपातले एकेक करून गेले.

मी लक्ष्मणमामांकडे गेले. त्यांना खरं ते सांगितलं, कारण बी त्यांचं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मेंढरं तरी कुठं धुवील गं तो? डोह कुठं राह्यला?" आणि जाळं घेऊन नदीने वर गेले. दोन-तीन दिवस फिरले असतील. परत आले तेव्हा जाळं कोरडंच होतं.

मग मला आष्टीचा माणूस आठवला. त्याने थोडे झिंगे विहिरीत सोडतो म्हटलं होतं. काकांच्या फोनमध्ये त्याचा नंबर होता. काकांनीच फोन लावून दिला. त्याने लगेच ओळखलं. म्हणाला, विहिरीत सोडायचे होते, पण आईला ते इतके आवडले की दुसऱ्या दिवशी उरलेलेही केले. गुडघ्याला फरक नाही, पण तोंडाला चव आली. "मॅडम, आणखी हायेत का? मी उद्याच येतो."

मी म्हटलं, नाहीत. त्याने माठांबद्दल पुन्हा आभार मानले. त्यात आता मोगरा लावला आहे म्हणाला.

पावसाळ्याच्या तोंडाला काकांनी पंगसाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणली. त्यांचा दोष नाही, ते आधीच बोलले होते. सोडताना मला विचारलंही. मी होकाराची मान हलवली. पिशव्या तळ्यात रिकाम्या करायला मीच मदत केली, कारण काकांचा पगारी माणूस त्या दिवशी आला नव्हता. मामांना पिल्लं द्यायची ते राहूनच गेलं. नदीला पाणी आलं तेव्हा ते काठावर उभे दिसले, तर मी दुसऱ्या वाटेने घरी गेले.

त्या हंगामात रोहू आणि कटला चांगले भरले. गावात सगळे म्हणायला लागले की मेंढरांचं खत तळ्याला लागलं. एकदोघांनी अण्णांना विचारलंही, आमच्या तळ्यात बसवता का म्हणून. अण्णांनी जेवताना मला विचारलं, "खत लागलं का गं तळ्याला?"

"लागलं," मी म्हटलं.

ते भाकरी मोडत राहिले. घरात मी कुणालाच सांगितलं नाही. काका आणि मामा, दोघांनीही त्यांना सांगितलं नसावं. ते तसे नाहीत.

अण्णांना वाचता येत नाही. हा अंक घरी येईल तेव्हा ते माझं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगतील आणि अंक देवाजवळ ठेवतील. आमच्या गावात ज्यांच्या हाती हा अंक पडेल त्यांना विनंती आहे, हे त्यांना वाचून दाखवू नका. एवढं लिहून मी थांबणार होते. पण या वर्षीची एक गोष्ट राहिली.

या वर्षी होळीनंतर मेंढरं धुवायची वेळ आली. साहेबराव काकांनी स्वतः निरोप दिला की तळ्यावर या, पाणी आहे. अण्णांनी निरोप ऐकून घेतला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मेंढरं सोडली आणि तळ्याच्या बाजूने न जाता वरच्या वाटेने धरणाकडे नेली. ते धरण फार लांब आहे. कोकरं उन्हात तिथवर चालत नाहीत, उचलून घ्यावी लागतात. आईने विचारलं, एवढं लांब कशाला? ते म्हणाले, "जरा पाय मोकळे होतील मेंढरांचे."

संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी तळ्यावर होते. पेंड टाकायचं काम अजून माझ्याकडे आहे. झिंग्यांची पाटीही मी अजून सोडते. ती पाण्यात सोडायचं आता काही कारण उरलेलं नाही. अण्णा मेंढरं बांधावर थांबवून खाली उतरले आणि पूर्वीसारखे माझ्याजवळ उकिडवे बसले. बऱ्याच दिवसांनी आले होते. मी पाटी ओढली. पेंड जशी ठेवली होती तशीच होती, फक्त भिजली होती. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. या वेळी त्यांनी मेंढरं आली का असं विचारलं नाही.

"औषध मारल्यावर लई दिवस थांबलो मंग धुतली," ते म्हणाले. "तिकडं धरणातबी कायतरी असंल."

मग उठले, पुढच्या मेंढीला हाक दिली आणि घराकडे गेले. मी पाटीतली पेंड झटकली, नवी ठेवली आणि दोर सोडला.